घरी बांधलेल्या वेगविक्रमी मोटारसायकलींना वर्षातून दोन दिवस धावपट्टी द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बदल केलेल्या मोटारसायकलींवरील पोलीस कारवाईच्या बातम्या गेले काही आठवडे आपल्या दैनिकात येत आहेत. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोलर फिरवल्याची छायाचित्रेही आपण छापलीत. या कारवाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रात्री अकरा वाजता रुग्णालयासमोरून असा आवाज करत जाणाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही. मात्र या बातम्यांच्या ओघात, पडवीत किंवा गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने मोटारसायकल बांधणारी सगळीच मुले एका माळेत ओवली जाऊ लागली आहेत. त्यांच्यात काही अशीही आहेत, की त्यांची गाडी रस्त्यावर कधी येणारच नाही, कारण रस्त्यासाठी ती बांधलेलीच नाही. आखून दिलेल्या सरळ अंतरावर एकट्याने धावायचे आणि त्या अंतरात किती वेग गाठला ते मोजून घ्यायचे, एवढ्याच कामासाठी ती बांधलेली असते. या खेळाला जगभर लँड स्पीड रेसिंग म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर आणि मशिनिस्ट या शाखांना शिकवण्यात माझी नोकरी गेली असल्याने, या मुलांच्या वतीने चार गोष्टी आपल्या वाचकांसमोर सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिल हे मिठाचे विस्तीर्ण मैदान. तिथे १९४९ पासून ‘स्पीड वीक’ भरत आला आहे. काही मैल लांबीची सरळ वाट आखलेली असते, तिच्यातील ठरावीक मैलाला लागलेला वेळ यंत्राने मोजला जातो, आणि एका वेळी एकच गाडी धावते. प्रस्थापित विक्रमापेक्षा अधिक वेग नोंदवला म्हणून विक्रम लगेच हाती येत नाही. ती गाडी संयोजकांच्या ताब्यातील आवारात ठेवावी लागते, दुरुस्तीला मोजके तास मिळतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावावे लागते आणि दोन्ही धावांची सरासरी धरली जाते. मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम याहून वेगळा आहे. त्यात ठरलेल्या मुदतीत एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने येताना धावावे लागते, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्याचा फायदा उरत नाही. या नियमांच्या मुळाशी एकच विचार आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो: यंत्राने एकदा गाठलेला वेग मान्य करायचा नाही, त्याच यंत्राने तो पुन्हा गाठून दाखवला तरच मान्य करायचा.

दोन इंजिने बसवलेल्या ‘अॅक अटॅक’ या लांबलचक बंदिस्त मोटारसायकलीने २०१० मध्ये याच मैदानावर ताशी ६०५ किलोमीटरचा पल्ला ओलांडला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. घरी गाडी बांधणाऱ्याला त्या आकड्यापेक्षा वर्गांचा तक्ता अधिक जवळचा असतो. इंजिनाच्या आकारमानाचे वर्ग पन्नास सीसीपासून सुरू होतात. पुढे शंभर, एकशेपंचवीस, एकशेपंचाहत्तर असे करत ते तीन हजार सीसीपर्यंत जातात. त्यात फ्रेम कंपनीची आहे, बदललेली आहे की संपूर्ण स्वतः बांधलेली, पुढे वारा कापणारे आवरण आहे की नाही, इंधन साधे पेट्रोल आहे की दुसरे काही, याप्रमाणे पोटवर्ग पडतात. त्यामुळे शंभर सीसीच्या इंजिनावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची गाठ शंभर सीसीशीच पडते, हजार सीसीच्या गाडीशी नाही. इतक्या कमी भांडवलात जागतिक तक्त्याकडे नजर ठेवता येईल असा यंत्रांचा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

घरच्या शेडमधून या तक्त्यावर पोहोचलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावचा बर्ट मन्रो. त्याच्या आयुष्यावर २००५ साली निघालेला चित्रपट आपल्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. चित्रपटात प्रवास आणि माणसे जास्त येतात, हे स्वाभाविकच आहे. वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र त्याच्या लेथवरच्या कामाविषयी अधिक बोलावेसे वाटते. १८९९ मध्ये जन्मलेल्या मन्रोने १९२० मध्ये ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीची ‘स्काउट’ ही मोटारसायकल नवी विकत घेतली. इंजिन सहाशे सीसीचे, दोन सिलिंडरांचे होते, आणि गाडी ताशी पंचावन्न मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर वेगाने धावत असे. पुढची जवळजवळ पाच दशके त्याने तीच गाडी बदलत नेली. मूळच्या बाजूच्या व्हॉल्व्हच्या रचनेतून त्याने माथ्यावरच्या व्हॉल्व्हचे इंजिन घडवले, कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांची) संख्या दोनवरून चार केली, वंगणाची व्यवस्था नव्याने बसवली आणि आकारमान साडेनऊशे सीसीपर्यंत नेले.

यातला प्रत्येक भाग त्याने विकत आणला असता तर हे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. पिस्टन तो स्वतः ओतत असे, आणि त्यासाठी साचे म्हणून जुने डबे वापरल्याच्या नोंदी आहेत. सिलिंडरची नळकांडी त्याने गॅसच्या जुन्या बिडाच्या पाइपातून कोरली, पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने घडवले, फ्लायव्हील स्वतः बनवले. अचूक मोजमापाची महागडी साधने नव्हती तेव्हा चाकाच्या तारेचाही त्याने मापासाठी उपयोग केला. ज्याने आयुष्यात एकदाही कनेक्टिंग रॉड हातात धरून तोलला असेल, त्याला या वाक्यांतले कष्ट सांगावे लागणार नाहीत. हा भाग दर फेरीला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो, आणि फेऱ्या दुप्पट केल्या की पिस्टनच्या वजनामुळे त्याच्यावर येणारा ताण चौपट होतो. पृष्ठभागावर कानशीची एक आडवी खरड राहिली तरी तडा तिथूनच सुरू होतो. मन्रोचे किती भाग असे गेले असतील याचा अंदाज त्याच्या शेडमधल्या एका फळीवरून येतो. फुटलेले, वितळलेले, वाकलेले भाग त्याने तिथे मांडून ठेवले होते आणि वर लिहिले होते की ही वेगदेवतेला वाहिलेली अर्पणे आहेत.

त्याची परीक्षेची जागा म्हणजे गावाजवळचा ओरेटीचा समुद्रकिनारा. ओहोटीनंतर तिथली वाळू घट्ट आणि सपाट होते. किनाऱ्यावरचा आणि देशातला अनुभव गाठीशी बांधून तो बॉनव्हिलला गेला. १९६२ मध्ये त्याने ताशी १७८.९७ मैलांचा, म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम केला आणि १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हजार सीसीपर्यंतच्या आवरणयुक्त गाड्यांच्या वर्गातला विक्रम त्याच्या नावावर लागला. त्या वर्षी पात्रता फेरीत एका दिशेने त्याने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे ३०५ किलोमीटरच्या वर वेग नोंदवला होता. सरासरी काढताना झालेली आकडेमोडीची चूक पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आली, आणि २०१४ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने तो विक्रम दुरुस्त करून १८४.०८७ मैल केला. सत्तेचाळीस वर्षांनी, विक्रमवीर हयात नसताना, अर्ध्या मैलाची दुरुस्ती करून घेण्याइतकी काटेकोर वृत्ती ज्या खेळात आहे, त्याला उडाणटप्पूपणा म्हणता येणार नाही. न्यूझीलंडमध्येच पुढे जॉन ब्रिटन यांनी क्राइस्टचर्चमध्ये मोजक्या सोबत्यांच्या मदतीने, नेहमीची फ्रेम टाळून आणि कार्बन फायबरची चाके घडवून, स्वतःचे इंजिन असलेली मोटारसायकल बांधली, आणि नव्वदच्या दशकात हजार सीसीपर्यंतच्या वर्गात ताशी ३०२ किलोमीटरच्या वेगासह चार जागतिक विक्रम तिच्यावर झाले.

आपल्याकडे हे कोणी का करावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी कोल्हापुरातून देतो. इथल्या शिवाजी उद्यमनगरात शेताच्या पाण्यासाठी ऑइल इंजिने घडली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून मोटारींच्या इंजिनांचे ब्लॉक आणि इतर बिडाचे भाग देशभर जातात. पॅटर्न बनवणारा, ओतकाम करणारा, बोअरिंग-होनिंग करणारा, गिअर कापणारा आणि उष्णतेने पोलादाला पाणी देणारा माणूस इथे दोन-चार किलोमीटरच्या आत सापडतो. मन्रोला जे पाइप आणि आस हुडकून आणावे लागले, त्याहून चांगला माल इथल्या मुलांच्या दाराशी आहे. हे सगळे हात रोज दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे काम करतात. स्वतःच्या नकाशावर काम करण्याची संधी त्यांना अशा गाडीतून मिळते, आणि म्हणूनच माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या शंभर सीसीच्या गाडीकडे मी फार आशेने पाहतो.

त्यांचे काम जवळून पाहिल्यामुळे, अशी गाडी बांधणे म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने सांगतो. सामान्य समज असा असतो की इंजिन मोठे केले की वेग येतो. प्रत्यक्षात वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. नेहमीसारखे ताठ बसून चालवलेली शंभर सीसीची गाडी ताशी १४० किलोमीटरवर न्यायची झाली, तर केवळ हवा बाजूला सारायला साधारण सतरा अश्वशक्ती लागते, आणि या आकाराच्या रोजच्या वापरातल्या गाडीचे इंजिन आठच्या आसपास देते. त्याच वेगाला स्वार टाकीवर पालथा झोपला, कोपरे आणि गुडघे आत घेतले, हँडल खाली आणि अरुंद केले, पुढे नियमात बसणारे आवरण लावले, तर तेच काम दहा-साडेदहा अश्वशक्तीत होऊ शकते. इंजिनातून सहा अश्वशक्ती जास्त काढण्यासाठी महिनोन्महिने कॅम, कॉम्प्रेशन आणि कार्बोरेटरच्या जेटशी (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या छिद्राशी) झटापट करावी लागते. अंगाचा आकार सुधारून तितकीच शक्ती वाचवायला पत्रा, फायबर, रेझिन आणि संयम पुरतो. ही मुले म्हणूनच आधी स्वाराची मापे घेतात, भिंतीवर त्याची बाजूची आकृती खडूने काढतात, आणि फ्रेम त्या आकृतीभोवती आखतात.

पुढचे गणित गिअरचे आहे. मागच्या चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर ताशी १४० किलोमीटरला ते चाक मिनिटाला सुमारे तेराशे फेरे घेते. इंजिनाची कमाल शक्ती दहा हजार फेऱ्यांना मिळत असेल, तर इंजिन आणि चाक यांच्यातील एकूण गुणोत्तर ७.७ हवे. प्रायमरी (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी पहिली जोडी) आणि टॉप गिअर मिळून ३.४ होत असतील, तर उरलेले २.२७ चेनकडून यायला हवे. त्यासाठी पुढे पंधरा आणि मागे चौतीस दातांचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, लागते. मागे एक दात वाढवला तर त्याच फेऱ्यांना वेग ताशी चार किलोमीटरने घटतो. शाळेत गुणोत्तर-प्रमाण ज्यांना रुचले नाही अशी मुले स्प्रॉकेट हातात आल्यावर ते कागदावर न मांडता सांगू लागतात, हे मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे. बॉनव्हिलच्या मिठावर याच हिशोबात चाकाच्या घसरण्याची भर पडते, आणि ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंचीवर असल्याने हवा विरळ असते. गाडीला रोध कमी होतो, पण इंजिनालाही तितकीच हवा कमी मिळते. ज्या ठिकाणी धावायचे, तिथल्या हवेप्रमाणे जेट बदलावे लागतात ते त्यामुळेच.

फ्रेमच्या बाबतीत घाटात वळणारी गाडी आणि सरळ धावणारी गाडी यांच्या गरजा उलट्या असतात. सरळ धावणारीचा दोन चाकांमधला पल्ला लांब ठेवतात, पुढचा फोर्क अधिक कललेला असतो, वजन शक्य तितके खाली आणि पुढे असते. वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो ती जागा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या मागे राहावी, ही सर्वांत महत्त्वाची अट आहे. ती जागा पुढे आली की बाजूच्या वाऱ्याची एक झुळूकही पुढचे तोंड फिरवू लागते. मोठे आवरण लावल्यावर गाडी अधिक वेगवान होते, पण याच कारणाने अधिक अस्थिरही होऊ शकते. १९६७ मध्ये मन्रोची गाडी भर वेगात डळमळली आणि त्याला ती आडवी करावी लागली होती. आवरणाचे काम इंजिनापेक्षा अधिक जोखमीचे आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगत आलो आहे.

सुरक्षिततेची व्यवस्था या खेळात नंतर जोडायची गोष्ट नसते. मैदानावर तपासनीस गाडी पाहतात, आणि ते समाधानी झाल्याशिवाय ती रेषेपर्यंतही जात नाही. ऑइलचा नट तारेने बांधलेला असावा लागतो, जेणेकरून तो सुटून तेल मागच्या चाकाखाली सांडणार नाही. स्वाराच्या मनगटाला बांधलेली दोरी तो गाडीवरून पडताक्षणी इंजिन बंद करते. चेनला भक्कम गार्ड, हँडलला त्याचे हेलकावे रोखणारा स्टिअरिंग डॅम्पर, अंगावर एकसंध चामड्याचा पोशाख आणि ठरावीक प्रमाणाचे हेल्मेट असावे लागते. टायरवरच्या अक्षराला तर पर्याय नाही. ‘पी’ अक्षराचा टायर ताशी १५० किलोमीटरपर्यंतच मान्य असतो, ‘एस’चा १८०पर्यंत, ‘एच’चा २१०पर्यंत. रस्त्यावर स्टंट करणारी मुले आणि ही मुले यांच्यातला फरक मला एका टायरवरून सांगता येतो. पहिल्याला आपल्या टायरवर कोणते अक्षर आहे हे माहीत नसते. दुसऱ्याने ते अक्षर पाहूनच आपल्या वेगाचे उद्दिष्ट ठरवलेले असते.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रात कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी दंडाची आणि कारावासाचीही तरतूद आहे. हा नियम योग्य आहे आणि तो रस्त्यावरच्या वाहनांसाठी आहे. वेगविक्रमासाठी बांधलेली गाडी टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून नेली जाते. तिला दिवा, आरसा, नंबरप्लेट यांपैकी काही नसते. माझी या मुलांना आग्रहाची सूचना अशी आहे, की ज्या जुन्या गाडीचे इंजिन किंवा फ्रेम ते वापरतील तिची सगळी कागदपत्रे मूळ मालकाकडून घ्यावीत आणि ती गाडी रस्त्यासाठी कायमची निकामी झाल्याचे परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. भंगारातून बिनकागदाचे इंजिन आणणे स्वस्त पडते, पण ते चोरीचे निघाले तर सगळे प्रामाणिक काम संशयात सापडते.

खरी अडचण धावायला जागा नसण्याची आहे, आणि तिचे उत्तर त्याच कायद्यात आहे. कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी होणाऱ्या वाहनांच्या शर्यतींना आणि वेगाच्या चाचण्यांना शिक्षा ठरवते, पण ते कलम ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय’ होणाऱ्या शर्यतींविषयी आहे. म्हणजे संमती देण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारच्या हाती ठेवलेला आहे. तो वापरून, ज्या धावपट्टीवर नियमित विमानसेवा नाही अशी एखादी धावपट्टी वर्षातून दोन दिवस उपलब्ध करून द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. महाराष्ट्रात कराड, धुळे, यवतमाळ, धाराशिव अशा ठिकाणी धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी कोणती योग्य, हे विमानतळांचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणांनी ठरवावे. हे काही अनोखे नाही. इंग्लंडमधील एल्व्हिंग्टनच्या जुन्या लष्करी विमानतळाच्या सुमारे तीन किलोमीटरच्या धावपट्टीवर अशा धावा होतात. आपल्या राज्यातच लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पाव मैलात मात्र गाडी किती लवकर वेग पकडते हे कळते. ती कमाल किती वेगाने धावू शकते हे कळायला अधिक लांबी हवी. लहान इंजिनाला दीड किलोमीटरही पुष्कळ उपयोगी ठरेल: एक किलोमीटर वेग घ्यायला, शंभर मीटर मोजायला आणि उरलेले थांबायला. ताशी १५० वरून बेताने ब्रेक लावत थांबायला कोरड्या पृष्ठभागावर अडीचशे मीटर पुरतात, म्हणजे सुरक्षेसाठी पुरेशी जागा शिल्लक राहते.

या विषयावर बोलताना कच्छच्या रणाचे आणि कोकणच्या किनाऱ्याचे नाव हटकून निघते. दोन्ही सूचनांना माझा विरोध आहे. छोटे रण हे रानगाढवांचे अभयारण्य आहे, मोठ्या रणात रोहित पक्ष्यांची वीण होते, आणि आपल्या किनाऱ्यांवर वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी कासवे अंडी घालायला येतात. मन्रोच्या काळात किनाऱ्यावर गाडी पळवण्याविषयी कोणी प्रश्न विचारला नाही, आज तो विचारलाच पाहिजे. खुद्द बॉनव्हिलचा मिठाचा थर गेल्या काही दशकांत पातळ होत गेला आहे आणि पाण्यामुळे किंवा मिठाच्या स्थितीमुळे २०१४, २०१५ आणि २०२२ या वर्षी तिथला स्पीड वीक रद्द करावा लागला. आधीच डांबर किंवा काँक्रीट घातलेली, कुंपण असलेली, नियमित वापरात नसलेली धावपट्टी हाती असताना जिवंत जमिनीकडे पाहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा येतो, की मोठ्या कंपन्या संशोधन करतात, विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी स्पर्धा आहेत, मग घरच्या मेस्त्रीला वेगळी सोय कशाला? मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग ही अभिमानाची गोष्ट आहे, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. महाविद्यालयांच्या बाहा आणि सुप्रा या स्पर्धांत गाड्या घडतात, तपासल्या जातात, मुले तयार होतात. त्या स्पर्धांना महाविद्यालयाचा संघ लागतो. आयटीआय करून लेथवर उभा राहिलेला मुलगा, शेतीची अवजारे दुरुस्त करणारा फिटर किंवा घर सांभाळून टिग वेल्डिंग शिकलेली मुलगी यांना त्या दारातून आत जाता येत नाही. चेन्नईच्या रॉयल एनफिल्डच्या साडेसहाशे सीसीच्या गाडीत बदल करून २०१८ मध्ये अठरा वर्षांच्या एका अमेरिकी तरुणीने बॉनव्हिलला ताशी १५७ मैलांचा वर्गविक्रम केला. आपल्या देशात घडलेले इंजिन तिथवर पोहोचू शकते हे त्यावरून सिद्ध झाले. ते इंजिन घडवणाऱ्या हातांना स्वतःच्या देशात, स्वतःच्या जिल्ह्याजवळ, अधिकृतपणे मोजून घेतलेला एक वेग मिळावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

खर्चाचा भार सरकारवर पडावा अशीही मागणी नाही. वेळ मोजणारी यंत्रे, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि विमा यांचा खर्च सहभागी शुल्कातून आणि स्थानिक उद्योजकांच्या संघटनांकडून उभा राहू शकतो. तपासनीस आणि पंचांसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही देशातील मान्यताप्राप्त संस्था आहे. तिच्या देखरेखीशिवाय हा उपक्रम होऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वेळी एक गाडी, अठरा वर्षांखालील स्वार नाही, लेखी तपासणीशिवाय धाव नाही आणि प्रेक्षक धावपट्टीपासून पुरेशा अंतरावर कुंपणाबाहेर, या अटी पहिल्या दिवसापासून असाव्यात. पन्नास आणि शंभर सीसी हे दोनच वर्ग पहिली दोन वर्षे ठेवले तरी चालतील. वेग आवाक्यात राहील, आणि संयोजकांनाही शिकता येईल.

आज अशी परवानगी मागायची तर अर्ज गृह खात्याकडे करायचा, परिवहन खात्याकडे करायचा की धावपट्टीच्या मालक यंत्रणेकडे, याचे नेमके उत्तर माझ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही कार्यालयात मिळालेले नाही. कलम १८९ मधील लेखी संमती कोणता अधिकारी देईल, त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील आणि किती दिवसांत निर्णय होईल, हे शासनाने एका परिपत्रकाने जाहीर करावे. आपल्या दैनिकाने संबंधित मंत्र्यांकडे हा प्रश्न नेऊन त्यांचे उत्तर छापावे, अशी माझी विनंती आहे. शंभर सीसीच्या त्या गाडीची फ्रेम जिगवर (जोडकामाच्या साच्यावर) उभी आहे, इंजिन बाकावर चालू झाले आहे, आणि अर्ज मराठीत टंकलिखित करून तयार ठेवला आहे. त्यावर कोणाच्या नावाने पाठवायचा ती ओळ तेवढी कोरी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, कोल्हापूर